गोयी, गोळी आणि ओसाका

ओसाकाला येण्याआधी मी यूट्यूब बघून तिथली बोली ‘शिकलो’ होतो. शिकलो म्हणजे पंधरा-वीस शब्द पाठ केले होते. पुण्यातल्या क्लासमध्ये शिकवतात ती जपानी टोकियोची, प्रमाण, बातम्यांमधली. पण ओसाका, क्योतो, कोबे या पट्ट्यात, म्हणजे कान्साई भागात, लोक कान्साई-बेन बोलतात हे अ‍ॅनिमे बघणाऱ्या कुणालाही माहीत असतं. ‘डिटेक्टिव्ह कोनान’मधला हात्तोरी हेइजी तसाच बोलतो. ‘खरंच’ म्हणायला ‘होन्मा’, ‘चालणार नाही’ म्हणायला ‘आकान’, वाक्याच्या शेवटी ‘दा’ऐवजी ‘या’. मला वाटलं, एवढं तर विमानातच पाठ होईल.

पहिल्या शुक्रवारी होम्माचीमधल्या एका इझाकायात टीमने माझी वेलकम पार्टी ठेवली. मी ग्लास उचलला, पन्नाशीतल्या टीम लीडकडे बघितलं आणि जोरात म्हणालो, “मोकारिमाक्का?” म्हणजे, काय, धंदा बरा चाललाय ना? ओसाका हे व्यापाऱ्यांचं शहर, आणि तिथले लोक एकमेकांना भेटले की असं विचारतात, असं सगळे व्हिडिओ सांगतात.

टेबल फुटलं. टीम लीड हसून हसून लाल झाले आणि त्यांनी ठरलेलं उत्तर दिलं, “बोचि बोचि देन्ना.” चाललंय हळूहळू. मग डोळे पुसत म्हणाले, “हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी खरोखर म्हणालो. असं फक्त टीव्हीवर बोलतात.”

मी त्या दिवशी हिरो झालो. पुढचे कित्येक महिने लिफ्टमध्ये, लंचला, कोड रिव्ह्यूमध्ये मी ‘नान्दे यानेन’ फेकत होतो. लोक हसायचे.

आठ महिन्यांनी टोकियोच्या हेड ऑफिसमधून एक मॅनेजर आमच्याकडे बदलून आले. चांगला माणूस. पहिल्याच मीटिंगला आत आले आणि हात वर करून म्हणाले, “माइदो! ओसाका सामुइ यानेन!” म्हणजे, नमस्कार मंडळी, ओसाकात थंडी आहे बुवा.

लोक हसले. पण ते हसणं मी ओळखलं. बॉसने जुना जोक सांगितल्यावर हसतात तसं. टीम लीड लॅपटॉपमध्ये बघत होते. शेजारी बसलेली माझी सेनपाई, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी सीनियर इंजिनिअर, तिने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

मी केलं तेव्हा टेबल फुटलं. त्यांनी केलं तेव्हा हे असं. ते तर जपानीच आहेत, माझ्यापेक्षा शंभरपट चांगली जपानी बोलतात. मग?

*

याला जपानीत शब्द आहे, ‘एसे कान्साई-बेन’. एसे म्हणजे नकली. कान्साईबाहेरचा माणूस कान्साईच्या ढंगात बोलायला जातो, त्याला हे म्हणतात. कान्साईतल्या बऱ्याच लोकांना ते ऐकून दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

नकली कुठे पकडलं जातं, हे सेनपाईने मला लंचला पेपर नॅपकिनवर काढून दाखवलं.

मराठीत सूर बदलला की भाव बदलतो, शब्द तोच राहतो. जपानीत सूर बदलला की शब्दच बदलू शकतो. ‘हाशी’ घ्या. टोकियोत ‘हा’ वर आणि ‘शी’ खाली म्हटलं तर जेवायच्या काड्या. ‘हा’ खाली आणि ‘शी’ वर म्हटलं तर पूल. ओसाकात बरोब्बर उलटं: वर-खाली म्हणजे पूल, खाली-वर म्हणजे काड्या. आणि तिसरा ‘हाशी’ म्हणजे कड, टोक. तो ओसाकात वर-वर. दोन्ही अक्षरं उंच, सपाट.

टोकियोवाल्याची इथेच पंचाईत होते. त्याच्या बोलीत नियम असा की शब्दाचा पहिला आणि दुसरा ठोका एका सुरात नसतो. एक वर तर दुसरा खाली, एक खाली तर दुसरा वर. सुरुवातीलाच दोन ठोके सपाट उंच ठेवणं त्याच्या जिभेच्या सवयीतच नाही. तो ‘आमे’ म्हणजे गोळी-चॉकलेटमधली गोळी म्हणायला जातो आणि नकळत खालून वर चढतो. ओसाकात ती वर-वर आहे. साधं ‘अरीगातो’ घ्या. टोकियोत ‘री’ उंच, ओसाकात ‘तो’ उंच. त्यात ‘डोळा’ म्हणजे ‘मे’, ‘हात’ म्हणजे ‘ते’ असे एका ठोक्याचे शब्द ओसाकात ताणून ‘मेए’, ‘तेए’ होतात. हे कुठल्याच ‘ओसाकाचे मजेदार शब्द’ व्हिडिओत नसतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर बाहेरचा माणूस फाइंड अँड रिप्लेस करतो. ‘दा’ काढून ‘या’, ‘होन्तो’ काढून ‘होन्मा’. स्ट्रिंग बदलतात, आवाजाची फाइल टोकियोचीच वाजत राहते.

आणि रिप्लेससुद्धा चुकतं. ‘नान्दे यानेन’ इतकं गाजलंय की बाहेरच्याला ‘यानेन’ हा एकच शेपटीसारखा तुकडा वाटतो, कुठेही चिकटवावा असा. पण ते ‘या’ आणि ‘नेन’ असे दोन तुकडे आहेत. ‘या’ नामाला लागतं. क्रियापदाला किंवा ‘सामुइ’सारख्या विशेषणाला थेट ‘नेन’. थंडी आहे म्हणायचं तर ‘सामुइ नेन’. ‘सामुइ यानेन’ असं ओसाकातलं पाच वर्षांचं पोरही म्हणणार नाही.

मुळात कान्साई-बेन ही एकच बोलीही नाही. काय करतोयस हे विचारायला कोबेकडे ‘नानी शितोन’ म्हणतात, ओसाकात ‘शितेन’. क्योतोत तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना क्रियापदाला अदबीचं ‘हारु’ लावतात. एनएचकेची सकाळची रोजची मालिका वर्षातले सहा महिने ओसाका केंद्र बनवतं. कान्साईत घडणाऱ्या कथेत बाहेरचे नट असतील तर त्यांना बोली शिकवायला खास माणूस ठेवतात आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव येतं. तरी प्रेक्षक कान टवकारून बसलेले असतात.

“म्हणजे त्यांचं व्याकरण चुकलं म्हणून राग आला?” मी विचारलं.

सेनपाई म्हणाली, “तुझं तर काहीच बरोबर नसतं. तुझा राग येतो का?”

*

थोडा इतिहास. १८६८पर्यंत, हजाराहून जास्त वर्षं, राजधानी क्योतो होती. दरबाराची भाषा कान्साईची होती. मग सम्राट टोकियोला गेले. १८९५ साली भाषातज्ज्ञ उएदा काझुतोशी यांनी देशाला एक प्रमाण भाषा हवी आणि ती टोकियोच्या सुशिक्षितांच्या बोलीवर उभी करावी असं मांडलं. शाळा, सैन्य, रेडिओ यांनी ते घरोघर पोचवलं. बाकी सगळ्या बोली ‘होगेन’ झाल्या. होगेन म्हणजे बोली, पण आमच्याकडे ‘गावाकडची भाषा’ म्हणताना जो सूर लागतो तो त्यातही लागू शकतो.

कान्साई-बेन मात्र दबली नाही. तिला धंदा सापडला, हसवण्याचा. १९१२ साली ओसाकात सुरू झालेली योशिमोतो आज जपानमधली विनोदवीरांची सर्वांत मोठी कंपनी आहे. १९८०च्या सुमाराला मान्झाईची, म्हणजे दोघांनी उभं राहून केलेल्या सवाल-जवाबी विनोदाची, देशभर लाट आली आणि ओसाकाची बोली टीव्हीवरून प्रत्येक घरात शिरली. २००१पासून एम-वन ग्राँ प्री ही मान्झाईची स्पर्धा सुरू आहे. जपानभरच्या पोरांच्या कानात ‘कान्साई-बेन म्हणजे विनोद’ असं बसलं.

ओसाकाचेच भाषातज्ज्ञ किन्सुई सातोशी यांनी २००३च्या पुस्तकात यासाठी ‘याकुवारी-गो’, म्हणजे भूमिकेची भाषा, हा शब्द वापरला. गोष्टीत एखादं पात्र कान्साई-बेन बोललं की वाचकाला ते आधीच कळतं: हा विनोदी असणार, चिकट असणार, खादाड, भडक, कधी गुंड. २०११ साली तानाका युकारी यांच्या पुस्तकात ‘होगेन कोसुपुरे’ हा शब्द मध्यभागी आहे. बोलीचं कॉस्प्ले. वेळेपुरता दुसऱ्याच्या बोलीचा ड्रेस घालायचा. थट्टा करायची असेल, खोटं-खोटं रागवायचं असेल तर कान्साईचा.

आता ती मीटिंग आठवा. ‘माइदो’ म्हणून झाल्यावर मॅनेजरांनी स्क्रीन शेअर केली आणि बजेटबद्दल बोलायला लागले. शुद्ध टोकियोमध्ये. ड्रेस उतरवला.

सेनपाई हिगाशी-ओसाकाची आहे, छोट्या कारखान्यांचं गाव. पहिली पाच वर्षं तिने टोकियोत नोकरी केली. तिथे एकदा रात्री दोनला प्रॉडक्शन सर्व्हर पडला. कॉलवर ती घाबरून, भराभर, घरच्या बोलीत बोलायला लागली. डेटाबेसची जागा संपतेय, आत्ता रिस्टार्ट करू नका. पलीकडून कुणीतरी हसलं. “मान्झाई ऐकतोय असं वाटतंय,” म्हणालं. आणि रिस्टार्ट केलं.

“दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसात टोकियोसारखी बोलायला लागले,” ती म्हणाली. “मी चुकीचं बोलले म्हणून नाही. माझं बरोबर होतं. पण माझ्या बोलीत कुणाला ते ऐकूच आलं नाही. मग हेच लोक पार्टीत माझ्यासमोर ‘नान्दे यानेन’ करायचे. ते हवं तेव्हा घालतात, हवं तेव्हा काढतात. मला मात्र ऑफिसच्या दारात काढून ठेवावं लागायचं.”

“आणि मी?”

“तुझ्याकडे काढून ठेवायला दुसरी जपानी आहे कुठे?”

हे लिहिताना मला एक अडचण आली. सेनपाई हे सगळं घट्ट ओसाकाच्या बोलीत बोलली. मराठीत ते कसं आणायचं? ‘अझुमांगा दाइओ’ या अ‍ॅनिमेत ओसाकाहून आलेली एक मुलगी आहे. वर्गातल्या मुलींना वाटतं ही आता धमाल करणार, आणि ती निघते अगदी संथ, हरवलेली. तरी तिचं टोपणनाव ‘ओसाका’च पडतं. इंग्रजी डबिंगमध्ये तिला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ढंगात बोलायला लावलंय. तसं मी सेनपाईला वऱ्हाडीत बोलायला लावू शकलो असतो. मी एक वाक्य करूनही बघितलं. सर्व्हर पडलाय, बाई घाबरलीय, आणि ते वऱ्हाडीत वाचताना मला स्वतःला हसू आलं.

वऱ्हाडी माझी घरची बोली आहे.

*

माझं गाव मूर्तिजापूरजवळ, अकोला जिल्ह्यात. घरी कापूस आणि तूर. बारावीनंतर पुण्यात इंजिनिअरिंगला आलो. होस्टेलवर पहिल्या दिवशी कुणीतरी माझी बादली उचलली, मी म्हणालो, “काऊन बे?” संध्याकाळपर्यंत माझं नाव ‘काऊनबे’ झालं होतं.

पोरं वाईट नव्हती. माझ्याच ताटात जेवायची. पण माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्याला ‘बे’ लावायची. आमच्याकडे ‘बे’ला जागा असते. बरोबरीच्या मित्राला, धाकट्याला. बापाला ‘बे’ म्हटलं तर चप्पल येईल. ही पोरं मेसच्या काकांपासून वर्गातल्या मुलींपर्यंत कुणालाही ‘बे’ करून मला डोळा मारायची. आम्ही ‘ळ’चा ‘य’ करतो, डोळ्याचा डोया, केळीची केयी, हे त्यांना कळलं होतं. मग ती ‘मुलगी’चीही ‘मुयगी’ करायची. ‘ल’ आम्ही ‘ल’च म्हणतो, हे सांगून सांगून मी थकलो. तेच ‘सामुइ यानेन’.

याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही. तेव्हा ‘चला हवा येऊ द्या’मुळे भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी घरोघर पोचली होती. थर्ड इयरच्या गॅदरिंगला मी स्टेजवर गेलो आणि सात मिनिटं वऱ्हाडी कॉमेडी केली. घरी जितके ‘बे’ वर्षात म्हणत नसेन तितके त्या सात मिनिटांत म्हटले. हॉल डोक्यावर घेतला. स्वतःच्याच बोलीचा ड्रेस मी शिवून घेतला होता, आणि तो अंगाला सैल होता.

त्याच वर्षी एका सबमिशनच्या व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांना मी लिंक्ड लिस्ट समजावत होतो. ‘थो नोड’, ‘थे पॉइंटर’. त्यांनी हसून बाजूच्या सरांकडे बघितलं. मार्क चांगले दिले. पण त्या हसण्यानंतर मी ‘थो’ सोडला. प्लेसमेंटपर्यंत माझा ‘ळ’ पुणेकरांपेक्षा जड झाला होता. वऱ्हाडी उरली ती मित्रांना हसवायला.

मला वाटत होतं माझ्याकडे दोन भाषा आहेत आणि मी हवी ती वापरतो. कुठली कशासाठी वापरतो, हे कधी मोजलं नव्हतं.

*

गेल्या पावसाळ्यात बाबांचा ईसीजी बरोबर आला नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि अँजिओग्राफी करून घ्या म्हणाले. बाबा म्हणाले, कापूस वेचून झाल्यावर बघू.

मी रोज रात्री नऊला फोन करायचो. तिकडे साडेपाच. बाबा वावरातून येऊन ओट्यावर बसलेले असायचे.

“बाबा, सकाळची गोळी घेतली का? छातीत दुखतंय का काही?”

“हो. घेतली गोळी. नाही दुखत. काळजी करू नको.”

रोज हेच. मला बरं वाटायचं, की माणूस नीट उत्तरं देतोय. एका रात्री फोन ठेवल्यावर ते वाक्य कानात राहिलं. घेतली गोळी. काळजी. बाबांनी ‘ळ’ म्हटला होता. माझे बाबा ‘ळ’ म्हणतात तो बँकेच्या खिडकीवर. तहसील ऑफिसात. डॉक्टरपुढे. जीभ वळवून, जपून, इस्त्रीचा शर्ट घालून गेल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी आईला विचारलं. ती म्हणाली, “तुह्यासंगं बोलाचं म्हनलं का लय सांभायून बोलतेत हे. पोरगं मोठ्या ठिकानी हाय म्हनतेत.”

मी गंभीर झालो की प्रमाण बोलतो. मी प्रमाण बोललो की बाबाही प्रमाण बोलतात. आणि प्रमाणात त्यांच्याकडे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘काळजी करू नको’ याच्यापलीकडे फारसे शब्द नाहीत. हे मला दोन आठवड्यांनी नीट कळलं, चुलतभावाचा फोन आला तेव्हा. “काका रातच्याले उठून बसतेत बे. छातीत दाटल्यावानी होते म्हनतेत. तुले नाई सांगितलं?”

मी विचारलं होतं, दुखतंय का. दुखत नव्हतंच. दाटत होतं.

त्या रात्री फोन लावला तेव्हा बोलायचं मनात जुळवून घेतलं होतं. मीटिंगआधी जपानी वाक्यं जुळवतो तसं.

“बाबा, गोयी घेतली काय?”

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग हसल्याचा आवाज. “काऊन रे, आज लय खुशीत दिसतं?”

त्यांना वाटलं मी मस्करी करतोय. का नाही वाटणार? दहा वर्षांत मी घरी वऱ्हाडी बोललो असेन ते मस्करीतच. वहिनीला चिडवताना, पुतण्याला हसवताना. पैशांबद्दल, दवाखान्याबद्दल, नोकरीबद्दल बोलताना मी कधी ती वापरलीच नव्हती. बापासमोर मी ‘माइदो’ करून मग बजेट दाखवणारा मॅनेजर होतो.

“नाई बाबा,” मी म्हणालो. “खरंच विचारून राह्यलो.”

सूर चुकला. मला स्वतःलाच ऐकू आला, गॅदरिंगच्या स्टेजवरचा होता. दुसरा नव्हता माझ्याकडे. मी गप्प बसलो. ओट्यासमोरून गुरं जात असावीत, घंट्यांचा आवाज येत होता.

“घेतली,” बाबा म्हणाले. मग म्हणाले, “पन रातच्याले दाटल्यावानी होते. उठून बसा लागते.”

“कवापासून?”

“पोया झाला तवापासून.”

पोळ्याला तेव्हा महिना होऊन गेला होता.

अँजिओग्राफी त्याच आठवड्यात झाली, कापूस झाडावर असताना. एक स्टेंट टाकला. बाबा आता बरे आहेत, आणि वेचणीला माणसं मिळत नाहीत म्हणून माझ्याशी भांडतात. वऱ्हाडीत भांडतात.

माझा सूर अजून जागेवर आलेला नाही. चुलतभाऊ म्हणतो, तू पुन्यावाल्यावानी वऱ्हाडी बोलतं. हे सेनपाईला सांगितलं. ती म्हणाली, टोकियोहून परत आल्यावर मैत्रिणी तिलाही म्हणायच्या, तुझं ओसाका-बेन आता एसे झालंय. वर्षभर म्हणत होत्या.

“मग काय केलंस?”

“काय करणार? चुकीचं बोलत राहिले.”